बटाट्यावर बोळवण

गौरीजेवणाच्या कामांची वाटणी आमच्याकडे थोरल्या जाऊबाई करतात आणि ती एकदा झाली की तिच्यावर अपील चालत नाही. यंदा यादी घरच्या ग्रुपवर आली. पुरण आणि पोळ्या खुद्द जाऊबाईंकडे, मदतीला मोठ्या नणंदबाई. अळू, कटाची आमटी, पंचामृत, खीर, तळण, सगळं ज्याच्या त्याच्या नावानिशी. मी माझं नाव शोधत खाली खाली जात राहिले. ते कोशिंबिरीच्या लगेच वर सापडलं. समोर लिहिलं होतं, 'बटाटा भाजी (सुकी)'. बटाटा मी एक वेळ गिळला असता, पण कंसातलं 'सुकी' फार लागलं. रस्सा करून काही कर्तृत्व दाखवीन म्हटलं, तर तीही वाट बंद.

आता माझी थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण ती दुसरं कोणी करून देत नाही. माझ्या लाझान्याचं आमच्याच नव्हे, शेजारच्या सोसायटीतही नाव आहे. मी घरी आंबवलेल्या पिठाचा पाव भाजते आणि त्या आंबवणाचं मी बारसंही केलेलं आहे. माझ्याकडे जेवायला येणारे लोक आधी फोटो काढतात, मग हात धुतात. अशा बाईची बोळवण बटाट्याच्या भाजीवर! नवऱ्याला हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "बरं झालं की, सोपं काम आलं." काही माणसांना सांत्वन जमतच नाही. ती जखमेवर मीठ चोळतात, आणि तेही अंदाज न घेता.

सणाच्या स्वयंपाकघरात हुद्दे असतात, फक्त ते कोणी मोठ्याने बोलत नाही. सगळ्यांत वर पुरण. डाळ बोटांत चेपून बघायची, पुरणात उलथनं उभं राहिलं की गॅस बंद म्हणून सांगायचं, हा अधिकार जिचा, घर तिचं. त्याखालोखाल पोळ्या लाटणारी. मग अळू, कारण त्यात तीस माणसांच्या घशाला एकदम खाज सुटण्याची जोखीम आहे, आणि जोखीम आली की मान आपोआप येतो. तळणाला बसणारीला घाम फार, पण पहिली गरम भजी कोणाच्या पानात पडणार हे तीच ठरवते. कोशिंबीर नव्या सुनेची, लिंबाच्या फोडी शाळकरी पोरांच्या. पानात मीठ वाढायचं काम ज्याला काहीच येत नाही त्याचं. आमच्या घरी ते वर्षानुवर्षं माझ्या नवऱ्याकडे आहे. बटाट्याची भाजी यात कुठे बसते? जिच्यावर भरवसा टाकवत नाही, पण जिला रिकामी बसू दिली तर लोक काय म्हणतील, अशा बाईजवळ.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. अशी भाजी करायची, की पंगतीत कोणीतरी पुरणपोळीचा घास हातात तसाच धरून विचारलं पाहिजे, "भाजी कोणी केली हो?"

मग अभ्यास आला. सासूबाईंच्या कपाटात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नवख्या संसारांना हात दिला. आमच्या प्रतीत पुरणाच्या पानावर तुपाचे डाग आहेत, लाडवांच्या पानाला बेसन लागलेलं आहे. बटाट्याच्या भाजीसाठी मात्र ते पुस्तक कोणी उघडल्याची एकही खूण नाही. तेव्हा मी थेट मुळाशी गेले, म्हणजे बटाट्याशी. सिमल्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था आहे. ती १९४९ साली पाटण्यात सुरू झाली, १९५६ साली सिमल्याला हलली, आणि तिथल्या कुफ्री या गावाचं नाव तिने आपल्या वाणांच्या पुढे लावलं. कुफ्री ज्योती आणि कुफ्री चंद्रमुखी हे दोन प्रसिद्ध वाण १९६८ सालचे. एवढ्या तयारीने मी मंडईत गेले आणि भाजीवाल्याला विचारलं, "ज्योती आहे का?"

त्याने मागे वळून बायकोला विचारलं, "ज्योती कोण गं?"

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, जुना देऊ का नवा?" या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. त्यानेच सांगितलं, "सुक्या भाजीला नवा घेऊ नका, चिकट होईल. जुना घ्या. पण कोल्डस्टोरेजमधनं कालच काढलेला घेतलात तर गोडा लागेल. हा आठवडाभर बाहेर आहे, हा घ्या." मी शास्त्रीय लेखांत पानंच्या पानं वाचली होती ती नेमकी हीच: फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो काही दिवस साध्या हवेत ठेवला की तो गोडवा पुष्कळसा उतरतो. भाद्रपदात हा प्रश्न हटकून येतो. उत्तरेतला बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून शीतगृहात जाऊन बसलेला असतो आणि आपल्या खेड-आंबेगावकडचा खरिपाचा बटाटा बहुतेक अजून जमिनीतच असतो. मी तीन किलो घेतले. माणशी शंभर ग्रॅम. निघताना त्याची बायको म्हणाली, "ज्योती भेटली तर सांगते हं."

इथे मला बटाट्याच्या कुळाबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत. घरात ते कोणी ऐकून घेतले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाकडचा. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी लागवडीला आणला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, तर युरोपने नाकं मुरडली. फ्रान्समध्ये तर याने महारोग होतो अशी समजूत होती. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला १७५६ साली चक्क हुकूम काढावा लागला, की बटाटा लावा. पारमांतिये नावाचा एक फ्रेंच औषधशास्त्रज्ञ प्रशियाच्या कैदेत बटाटे खाऊन राहिला आणि सुटून आल्यावर त्याने बटाट्याचा प्रचारच हाती घेतला. त्याची एक गोष्ट सांगतात. त्याने बटाट्याच्या शेताभोवती दिवसा शिपाई उभे केले आणि रात्री मुद्दाम काढून घेतले. ज्याला एवढा पहारा आहे ते काहीतरी मोलाचं असणार म्हणून लोकांनी रातोरात बटाटे लांबवले आणि आपल्या वावरात लावले. एका भाजीची चोरी व्हावी म्हणून पोलीस नेमल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आणि आपल्याकडे? पोर्तुगीजांच्या मागोमाग आलेला हा परका कंद आज कुठे बसला आहे बघा. थेट देवाच्या ताटात, उजव्या बाजूला. चरकसंहितेला माहीत असलेला कांदा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर, आणि चरकाच्या कानावरही कधी न आलेला बटाटा सोवळ्यात! बटाटा आपल्या घरी घरजावई होऊन आला आणि इतका मुरला, की आता तोच दारात उभा राहून कांद्याला विचारतो, "आपण कोण?"

बरं, तो एकटाही आला नाही. भाजीतली हिरवी मिरची त्याच्याच खंडातली. उपवासाचं ताट डोळ्यांपुढे आणा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, रताळंही तिकडचंच. एकादशीला आपण अन्न सोडतो म्हणतो, प्रत्यक्षात फक्त खंड बदलतो. गौरींच्या आधी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आपण परसातली ऋषींची भाजी करतो, साधी, सात्त्विक, पुरातन. तिच्यात मक्याचं कणीस असतं, लाल भोपळा असतो, आणि हे दोघेही अमेरिकेतून आलेले. सप्तर्षींपैकी एकानेही मक्याचं कणीस पाहिलेलं असण्याची शक्यता नाही. फोडणीतला हिंगसुद्धा अफगाणिस्तान-इराणकडून येतो. आपल्या मातीत त्याची लागवड २०२० साली, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाली. नाही म्हणायला हळद तेवढी सांगलीची. तिथे हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांमध्ये साठवत, २००५ च्या पुराने त्या पेवांची दैना केली, आणि...

हे सगळं मी जाऊबाईंना सणाच्या सकाळी सांगत होते. त्या पुरण ढवळत होत्या. हरिपूरपर्यंत आले तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "बटाटे उकडत टाकलेस का?"

टाकले. आणि तेव्हा लक्षात आलं, की या भाजीची मुख्य अडचण तिच्या साधेपणात नाही. नैवेद्याचा स्वयंपाक, म्हणजे देवाआधी चव घ्यायची नाही. माझं सगळं पाककौशल्य हातातल्या चमच्यावर उभं आहे. चाखायचं, डोळे मिटायचे, 'हं' म्हणायचं, काहीतरी चिमूटभर घालायचं, पुन्हा चाखायचं. समोर कोणी असेल तर 'हं' जरा लांबवायचं. तो चमचा काढून घेतला तर माझ्याजवळ फक्त आत्मविश्वास उरतो. तीन किलो बटाट्यांना मीठ किती, हे आत्मविश्वासाला विचारून कळत नाही.

ओट्याजवळ खुर्चीवर काकू बसल्या होत्या. काकू म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. त्यांचा हात आता कापतो, त्यामुळे त्यांच्याकडे फुलवाती आणि वस्त्रमाळा. मी बटाटे सोलून पाट-सुरी घेतली आणि सगळ्या फोडी एका मापाच्या करायला लागले. फोटोत त्या छान दिसतात. काकूंनी कापूस खाली ठेवला.

"कापू नकोस गं. हाताने फोड."

मी बघत राहिले, तसा त्यांनी एक बटाटा उचलला. अजून वाफ होती त्याला. तळहातावर घेतला, अंगठा मधोमध टेकवला आणि नुसता दाबला. बटाटा आपल्या आपण चार जागी उकलला, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही, कडा सगळ्या खरखरीत, पिठूळ. "सुरीने कापलास की गुळगुळीत होतो. फोडणी वरनं घसरून तळाला जाते. असा फोडला की धरून ठेवतो." मग पातेल्यात पडलेल्या ढिगाकडे त्यांनी नजर लावली, हात मिठाच्या बरणीत घातला आणि न बघता, कापऱ्या बोटांनी, तीनदा मीठ भुरभुरलं. "फोडणीत पडायच्या आधीच लावून ठेवावं. आणि मीठ घालताना मिठाकडे नाही बघायचं, भाजीकडे बघायचं."

बाकी कृती तुम्हाला माहीत आहे. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, कढीपत्ता, मिरच्या, किसलेलं आलं, सगळ्यांत शेवटी हळद, आणि हळद पडली की तिने काळं व्हायच्या आत बटाटे. चिमूटभर साखर, वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. मी गुपचूप तीळ आणि ओव्याची पानं घालायचा विचार करत होते. जाऊबाई नुसत्या खाकरल्या आणि तीळ डब्यात परत गेले.

ढवळता ढवळता सहज विचारलं, "काकू, ही भाजी आधी कोण करायचं?"

"मीच की."

"कधीपासून?"

"चूल होती तेव्हापासून." आणि त्या पुन्हा वाती वळायला लागल्या.

मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दर गौरींना मी ही भाजी खाल्ली, दोनदा घेऊन खाल्ली, आणि ती काकू करतात हे मला ठाऊक नव्हतं. मला नसेल, म्हणून घरात विचारत सुटले. थोरले भाऊजी म्हणाले, पुरणपोळी आजीची, तशी पुन्हा झाली नाही. अळू माईआत्याचं, त्यात ती मुळा घालायची. कुरडया नाशिकच्या मावशीकडून यायच्या, डब्याच्या रंगासकट त्यांना आठवत होतं. आणि बटाट्याची भाजी? भाऊजींनी थोडा विचार केला. "भाजी... ती असायचीच."

असायचीच! पहाटे पाचला उठून कोणीतरी चुलीवर बटाटे उकडायचं, हात भाजत सोलायचं, डोळ्यांनी मीठ मोजायचं, आणि चाळीस वर्षं ती भाजी नुसती 'असायची'. आणखी दोघांना विचारलं, उत्तर साधारण तेच. मात्र ज्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काकू आल्या नव्हत्या, त्या वर्षी भाजी 'काहीतरी वेगळीच' लागली होती, हे तिघांनाही लख्ख आठवत होतं. वेगळी का लागली, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या घरांत बाईचं नाव पदार्थाला चिकटतं ते पदार्थ मिरवणारा असला तर. रोज लागणारं, साधं, हमखास बरं होणारं जे असतं, ते कोणी केलेलंच नसतं. वरण कोणी केलेलं नसतं, ताक कोणी घुसळलेलं नसतं, पाण्याचे तांबे भरून आपोआप पानापाशी येतात. काकूंना याचं काही वाटतं का, तेही विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, "बटाट्याच्या भाजीत काय सांगायचंय? तुझ्या हातातली वात नीट वळ."

म्हटलं, निदान जाऊबाईंनी तरी काही विचाराने हे काम मला दिलं असेल. काकूंचा वारसा, योग्य हाती, वगैरे. दुपारी त्यांना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही गं. सगळ्यांची नावं झाली, तू आणि भाजी उरलात."

नैवेद्य झाला, आरती झाली, पंगत बसली. वाढायला मी मुद्दाम भाजीचंच पातेलं घेतलं, म्हणजे अभिप्राय जागच्या जागी गोळा करता येतील. पहिल्या फेरीत "वाढा" एवढंच ऐकू आलं, तेही मान वर न करता. दुसऱ्या फेरीत मी प्रत्येकापाशी नको तितकी रेंगाळले. एक मामा म्हणाले, "वा! काय झालंय!" माझा चेहरा खुलला. "पुरण," ते म्हणाले, "काय मऊ झालंय!" भाच्याने पोळी सोडून भाजीच तीनदा घेतली आणि तोंड भरलेलं असताना आईला सांगितलं, की पोळ्या मस्त आहेत. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याने वाढलेलं मीठ बरोबर जागी पडलं आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

आमची पंगत बसली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. या प्रकाराबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण पाय इतके दुखत होते की त्या दिवशी बोलले नाही आणि एरवी बोलले तर 'सणासुदीला कशाला' म्हणतात. दुपारी तीनला पुरणपोळी गार असते, आमटीला वर कट उरलेला नसतो, भजी मऊ पडलेली असतात. बटाट्याची भाजी तेवढी जशीच्या तशी असते. तळाशी धरलेली असली तर सकाळपेक्षा चांगली. जे पदार्थ मिरवतात ते पहिल्या पंगतीसाठी असतात आणि जी बाई ते रांधते, तिच्या पोटात शेवटी ही भाजी जाते.

पातेल्यात दोन वाढ्या उरल्या होत्या, त्या मी काकूंना आणि मला घेतल्या. काकूंनी पोळीच्या तुकड्यात भाजी धरली, खाल्ली, पुन्हा धरली. मी श्वास रोखून बसले होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "लिंबू किंचित कमी चाललं असतं."

तीस माणसं जेवली आणि माझ्या भाजीवर आलेला हा एकुलता एक शेरा. तो मी त्याच रात्री ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, की ही भाजी आमच्याकडे काकूंची आहे, यापुढे यादीत तसंच लिहावं. जाऊबाईंनी अंगठा उंचावल्याचं चित्र पाठवलं. भाऊजींनी पुरणपोळीचा फोटो टाकला.

तुमच्याकडेही सण येतीलच. पानावर बसाल तेव्हा पुरणाचं कौतुक करा, ते चुकणार नाहीच. पण उजव्या बाजूच्या त्या पिवळ्या भाजीचा पहिला घास गेला, की ही कोणी केली एवढं विचारा आणि नाव कळल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका. आमच्याकडे आलात तर विचारायचीही गरज पडणार नाही. काकूंचं नाव मी आधीच सांगेन, आणि लगेच त्याच्यापाठोपाठ माझं.